अडीच सेकंद

रास्ता पेठेत एक्याऐंशी सालची आरसीसी इमारत.
पहिल्या मजल्यावर घड्याळदुरुस्ती, दुसऱ्यावर कथक.
सोसायटीची तक्रार: स्लॅब हलतो.

ती मी संगणकात उभी केली,
बारीक चौकटी, प्रत्येकीला चार गाठी,
काँक्रीट एकसंध, सळ्या जिथल्या तिथे,
तडा कुठेच नाही.
उत्तर आलं: सेकंदाला आठ कंप.
फरशीवर यंत्र ठेवलं तर सहा पूर्णांक चार.
चाळीस वर्षं तुळयांनी जे निमूट गिळलं
ते माझ्या चौकटींना ठाऊक नव्हतं.
ताठपणा चौसष्ट टक्क्यांवर आणला
तेव्हा कुठे आकडा जुळला.

वर वैजयंतीबाई कानडे, वीस मुली,
ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्,
सेकंदाला दोन पावलं आणि वर थोडंसं;
तिप्पट केली की नेमका स्लॅबचा आकडा.
"ही लय कुणी ठरवली?"
"इथे अशीच बसते," बाई म्हणाल्या,
"दुसऱ्या हॉलमध्ये बसतच नाही."

राहिलं डॅम्पिंग.
कंप किती लवकर विरतो
हे कुठल्याच ड्रॉइंगवर नसतं.
पुस्तकात दोन ते पाच टक्के,
ज्याचं त्यानं बघून घ्यावं.

खाली युसूफभाई तांबोळी.
डोळ्याला भिंग, चिमट्यात तिळापेक्षा लहान स्क्रू,
हात हवेत.
वर तिहाई. सम. पाय थांबले.
हात हवेतच.
मग स्क्रू बसला.
"पाय थांबले तरी छत थांबत नाही.
अडीच सेकंद द्यावे लागतात त्याला."
तीस वर्षांत एकदाच घाई केली म्हणे;
ती केसाएवढी स्प्रिंग
अजून टेबलाखाली कुठेतरी असेल.

पावतीच्या मागे मी लॉगरिदम मांडला.
तीन टक्के.
रात्री यंत्राचा आलेख उघडला:
तीन पूर्णांक एक.

अहवालात 'आधार' नावाचा रकाना असतो.
तिथे युसूफभाई तांबोळी लिहिलं,
खोडलं,
प्रत्यक्ष मोजणी लिहिलं.
शिफारस: मधोमध पोलादी तुळई,
म्हणजे बरोबर त्यांच्या टेबलावरून.

सांगायला गेले.
"आता छत लगेच थांबेल," म्हटलं,
"वाट बघावी लागणार नाही."
ते काही बोलले नाहीत.
माझ्या मनगटाकडे बोट केलं,
घड्याळ काढून घेतलं, कानाशी धरलं,
बराच वेळ.

"पुढे पळतंय," म्हणाले.
"ठेवून जा."