हरकत क्रमांक दोनशे चौदा

मी रंग भरतो.
रहिवासाला पिवळा, उद्योगाला जांभळा,
हिरवा डबा सर्वांत शेवटी उघडायचा,
उरेल तिथे लावायचा,
असं आमचे जुने गायधनी साहेब सांगायचे.
आता डबे गेले, माऊस आला.
क्रम तोच.

प्रादेशिक योजना, नाशिक,
मुदत सन दोन हजार सेहेचाळीस.
भिंतीवर लावली तेव्हा पंखा बंद करावा लागला,
नाहीतर सिन्नरचा कोपरा उडायचा
आणि खालून मागच्या योजनेतलं सिन्नर दिसायचं,
त्यातले न झालेले रस्ते अजून ठळक.

साठ मीटरचा बाह्यवळण मी एका दुपारी ओढला.
आडगावहून निघालो,
चहा यायच्या आत विल्होळीला टेकलो.
एवढ्या वेळात द्वारकेचा सिग्नल सुटत नाही.
वाटेत वालदेवी आडवी आली,
तिच्यावर दोन रेघांचा पूल टाकला
आणि पुढे गेलो.

सुनावणी तीन दिवस चालली.
पहिल्या दिवशी रस्ता हवा असलेले आले,
दुसऱ्या दिवशी नको असलेले,
आडनावं बहुतेक तीच.
मखमलाबादचे दोघे सख्खे भाऊ म्हणाले,
रस्ता शेजारच्या गटातून न्या, आमच्या बांधाला चिकटून.
शेजारी ते एकमेकांचेच.
आले एकाच मोटारसायकलवर,
गेलेही.
पांढऱ्या बुटांचा एक जण
निळी पूररेषा जरा नदीकडे सरकेल का विचारत होता,
आवाज न चढवता,
जशी कुणी खुर्ची सरकवायला सांगतं.

तिसऱ्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीआधी,
दोनशे चौदा.
कौतिकाबाई खैरनार, वय पन्नास, राहणार चुंचाळे.
अंबडला स्विचच्या कंपनीत पॅकिंगला, दुसरी पाळी.
नकाशापाशी गेल्या, बोट न टेकवता म्हणाल्या,
"माझं घर पिवळ्यात आलं, बरं वाटलं.
कंपनी जांभळ्यात, तेबी बरोबर.
पण पिवळ्यातून जांभळ्यात जाताना
मधे हे पांढरं सोडलंय ना साहेब,
तिथं मी रोज पाऊण तास उभी असते.
बस येते, नाही येत.
तुमची मुदत संपेल तव्हा मी सत्तरची.
तिथं एक बाक दाखवा."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी स्केलकडे.
एक सेंटिमीटर म्हणजे अडीचशे मीटर.
"बाक ही प्रादेशिक बाब नाही," मी म्हणालो,
पाठ असल्यासारखं.
"मंग कुणाची?"
महापालिकेची. किंवा एमआयडीसीची.
हद्द नेमकी तिथूनच जाते,
हे मला बोलता बोलता तिथेच कळलं.

"बरं," म्हणाल्या.
पोचपावती प्लास्टिकच्या पिशवीत घातली
आणि शिपायाला विचारलं,
आत्ता अंबडला काही मिळेल का.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, 'नोंद घेतली.'
आमच्याकडे नोंद घेणं म्हणजे
नवा माणूस बसायला आला
की आपले पाय थोडे आखडून घेणं.

साडेसहानंतर ऑफिसात कुणी नव्हतं.
तो फाटा मोठा करत गेलो,
पूर्ण पडद्यावर नुसतं पांढरं येईपर्यंत,
आणि बाक काढला.
पाठीला टेकू, तिघींपुरता,
खाली डबा ठेवायला फळी.
मग नकाशा पुन्हा होता तेवढा केला.
बाक गेला.
म्हणजे आहे. मी पुसलेला नाही.

योजना मंजुरीला गेली त्याला सात महिने झाले.
परवा त्या फाट्यावर स्कूटर थांबवली.
कौतिकाबाई नव्हत्या, त्यांची वेळ नव्हती.
गटारकामाचा उरलेला सिमेंटचा पाईप
कुणीतरी लोटत आणून टाकलाय,
दोन्हीकडून विटा लावून, वर पोतं.
बसून पाहिलं.
जरासा हलतो.
डाव्या हाताला पिवळं, उजव्या हाताला जांभळं,
आणि बाजूला उभ्या पोरानं
सरका म्हटलं
तेव्हा सरकलो.