डावा कोपरा

करावे गावठाणात, तलावाच्या कठड्याला खेटून
बबनच्या चायनीजच्या गाडीवर
रात्री पावणेअकराला विषय निघाला:
सुयोग द्यायचा आणि शार्दूल घ्यायचा का?

उरणवाले तयार आहेत म्हणे.
आपला मालकही तयार. त्याचे तीन जेसीबी
उलव्याला माती ओढतात, त्याला
उचलणं आणि टाकणं एवढंच कळतं.

"जल्लं, घरचा पोर इकाचा?"
हसुराम तांडेलनं चमचा ताटलीत आपटला.
"ह्याच तलावात पवला शिकला तो."
"तलावात तर म्हशीपण पोहतात, काका,"
चिंतामण म्हणाला, आणि मोबाईल वर धरला:
मागच्या मोसमात शार्दूलचे एकशे बारा गुण,
बोनस वेगळे,
पनवेलला एका चढाईत चार गडी,
आणि दम असा की पंच घड्याळ बघतो.
"बचावानं सामना वाचतो. पण पोरं
कुणाचं नाव घेऊन ओरडतात, सांगा."

कुणी सांगितलं नाही.
गाडीवरचा जाळ एकदा भडकून खाली बसला.

मग गेल्या वर्षीची अंतिम फेरी निघालीच.
दोन गुण हवे, तिसरी चढाई, जायला कोणी नाही,
गेला तो हसुरामचाच भाचा
आणि मध्यरेषा ओलांडता ओलांडता घसरला.
हसुराम गप्प. त्यानं शेजवान चटणी उगाच जास्त घेतली.

बेबी मढवी सुयोगची चुलती,
नेरुळच्या बाजारातून टोपली रिकामी करून उभी होती.
"जाणारा दम धरून जातो, परत येतो," ती म्हणाली,
"कोपऱ्यातला कुठं जातोय?"
हे बाजूनं होतं की विरुद्ध
ते आम्हाला अजून कळलेलं नाही.
"एकोणीस वर्षांचा आहे," चिंतामण म्हणाला,
"पण त्या गुडघ्याची हमी कोण लिहून देतो?"

मी मंडळाचा गुणलेखक, चौदा वर्षं.
माझ्या कागदावर चढाईला रकाना आहे, पकडीला आहे,
लोणाला आहे, अव्वल पकडीलासुद्धा.
पण समोरचा डावीकडे नजर टाकतो,
सुयोग हलत नाही, नुसता थोडा वाकतो,
बोटं मॅटला टेकतात,
आणि तो वळतो उजवीकडे, रिकामा परत जातो;
तिथं मी शून्य लिहितो.
ते शून्य कुणी केलं, लिहायला जागा नाही.
मला मत विचारलं तेव्हा तोंडात नूडल्स होत्या.
गिळेपर्यंत दुसरं कोणी बोलायला लागलं.

तेवढ्यात स्कूटर.
सुयोग. मांडीवर क्रेप बँडेज, पायात बापाच्या चपला.
"दोन फ्राइड राइस, एकात अंडं नको."
बबन कढईत इतका वाकला की चेहराच दिसेना.
चिंतामणनं मोबाईल खिशात घातला,
बाहेर काढला, पुन्हा घातला.

"किती बोलले?" त्यानं विचारलं. आम्हाला नाही, कठड्याला.
"तू आणि वर पन्नास," बेबी म्हणाली.
"वर कुणाला?"
"त्यांना. आपण द्यायचे."

तो हसला बहुतेक. सुटे मोजत राहिला.
"शार्दूल चांगला आहे," तो म्हणाला.
"बोनसला पाय टाकायच्या आधी खांदा पाडतो.
सगळे खांदा बघतात. मागची टाच
तेव्हा अर्धा श्वास मोकळी असते."
पार्सलला गाठ मारली, हँडलला अडकवलं.
"तो इथं आला म्हणजे
तिथं माझ्या कोपऱ्यात येईलच की."

स्कूटर तीन किकला सुरू झाली.

"बघितलं?" हसुराम ओरडला. "म्हणूनच नाय इकाचा!"
"म्हणूनच इकाचा," कुणीतरी मागून,
"नायतर त्या टाचेचं गुपित कुणाला सांगणार हा?
आपल्यात असला तर शार्दूलला कळेल, सुधारेल."
यावर खरंच विचार सुरू झाला.
बबननं गॅस बंद केला तरी चाललाच.

घरी जाताना मैदानावरून गेलो.
मॅट भाड्याची, सकाळी परत द्यायची,
कुणी गुंडाळली नव्हती.
मी एकट्यानं सुरुवात केली, उजवीकडून.