आठ स्क्रू

चालकाच्या सीटभोवती काच बसवायला
आठ स्क्रू लागतात.
काच म्हणजे काच नव्हेच, जाड प्लास्टिक,
पण विनिपेगच्या आमच्या डेपोत सगळे तिला काचच म्हणतात.
बाहेर उणे एकतीस. आत माझे हात तेलाने काळे
आणि रेडिओवर बातमी :
ओटावात कायदा कडक झाला.
बसचालक, नर्स, ॲम्ब्युलन्सवाले,
यांच्यावर हात उगाराल तर आता वर्षं जास्त.
किती जास्त, ते ऐकायला मी ड्रिल बंद केलं.

ही बस डार्का ह्नातिउकची.
नोव्हेंबरात शेवटच्या फेरीला
तिने झोपलेल्या एकाला उठवलं,
"बाबा रे, शेवटचा थांबा आला,"
एवढंच.
सीट मी धुतली.
फोम रक्त पितो. वरचं कापड बदललं
तरी खाली तपकिरी डाग राहतोच.
तेव्हा कँटीनमध्ये टेबलावर मूठ आपटून म्हणालो होतो,
असल्यांना सडवा आत.
अजूनही म्हणतो.

डार्का आता फक्त सकाळची पाळी घेते.
डाव्या कानाने कमी ऐकू येतं.
उतरताना लोक थँक यू म्हणतात
ते तिला आधी काचेतून, मग कानातून,
दोनदा गाळून मिळतं.

पाचवा स्क्रू नेहमी आडवा जातो.
सहाव्याला मला ती खिडकी आठवते.

हेझल होती तेव्हा. पहाटेचे तीन, इमर्जन्सी वॉर्ड,
सात तास खुर्चीत बसून तिचे ओठ निळे
आणि खिडकीपलीकडची नर्स म्हणाली, अजून थोडं थांबा.
मी कॉफीचा कप फेकला.
कॉफी गरम होती. खिडकी उघडी होती.
बिल्ल्यावर नाव : मारिविक.
गार्डने माझा दंड धरला, तिला विचारलं, तक्रार लिहू?
ती नळाखाली मनगट धरून उभी.
मागे न बघता म्हणाली,
आधी त्यांच्या बायकोला आत घ्या.

तक्रार पुढे लिहिली की नाही, माहीत नाही.
माझ्याकडे कुणी आलं नाही.
हेझल मार्चमध्ये गेली.
माफी मागायला मी दोनदा हॉस्पिटलच्या पार्किंगपर्यंत गेलो,
गाडी चालू ठेवून बसलो,
परतलो.

रेडिओवर आता हवामान.
नव्या हिशेबाने एका मनगटाची किती वर्षं होतात,
ते सांगितलं असेल तर माझं निसटलं.
कायदा नको, असं नाही. हवाच.
डार्काच्या कानासाठी मी म्हणतो
आणखी दोन घाला.
फक्त म्हणताना
आवाज आधीइतका चढत नाही.

आठवा स्क्रू हाताने पिळतो,
ड्रिलने प्लास्टिकला तडा जातो.
डार्का चढते, दार ओढून बघते,
आतून टकटक करते, काहीतरी बोलते.
"काय?" मी ओरडतो.
ती तोंड मोठं करून पुन्हा सांगते :
"निघतेय. बाजूला हो."