लिंटेलपर्यंत

पहिला फोटो जुन्या घराचा.
कुडाच्या भिंतीपुढे कवडू उभा राहतो, वरपर्यंत बटणं लावून,
जसा आधार कार्डाला राहिला होता.
दुसरा जोत्याचा. तिसरा लिंटेलचा.
चौथा छताचा.
त्याची मी दोन उन्हाळे वाट बघतेय.

मी ग्रामपंचायतीत कॅम्पुटर चालवते.
नाव आहे मला, निर्मला,
पण हाक येते 'घरकुलवाली बाई' अशीच,
जणू साच्यातून मीच पाडते घरकुलं.
यादीत एकशे बेचाळीस नावं,
कोण कुठल्या फोटोवर अडकलंय, तोंडपाठ.

कवडू लिंटेलवर.
पहिल्या हप्त्यात पाया खणून झाला.
दुसरा आला तेव्हा नदीत रेती होती, घाटाचा लिलाव नव्हता.
लिलाव नव्हता, पण रात्री ट्रॅक्टर होते,
आणि रात्रीच्या रेतीचा भाव रात्रीचाच.
इस्तारी मिस्त्री थापी पुसत सांगतो,
सरकार देते तेवढ्यात भिती येतात, बाई.
सळाख नाही येत.
दाराचं तं बोलूच नका.

मग बायकोच्या बचत गटातून चाळीस हजार,
मग शेळ्या, तीन, त्यातली एक गाभण.
आता फुकटच्या घराचा हप्ता
कवडू दर पाच तारखेला भरतो.
नव्या घरात सध्या तणस आहे,
माणसं जुन्यातच निजतात.
"तनसीले तं पक्क्या भिती भेटल्या ना," म्हणतो,
आणि खरंच हसतो.

माझं विचाराल, तर मी यादीत नाही.
नवऱ्याची काळीपिवळी आहे, लाखनीच्या फेऱ्या मारते.
तिच्या कागदावर आधी बँकेचं नाव, मग आमचं,
तरी सर्वेक्षणात चारचाकी आमचीच.
रकान्यात 'होय' मीच लिहिलं.
दुसऱ्या कोणी लिहिलं असतं
तर भांडले तरी असते.

तालुक्याच्या बँकेतही जाऊन आले.
साहेब भला माणूस, पंखा माझ्याकडे वळवला.
पगाराची पावती?
मानधन आहे, साहेब. तीन-चार महिन्यांनी येतं, एकदम.
जागेचा नमुना आठ?
जागा घ्यायलाच तर आले होते.
म्हणाला, तुमच्यासाठीही योजना आहे की, व्याजात सूट.
म्हणजे, आधी कर्ज मिळालं की.

तोवर पतिरामजीच्या गोठ्यामागची खोली,
अठराशे महिना, मोरी बाहेर,
दिवा मालकाच्या मीटरवर,
रात्री नऊला बंद.

परवा अ‍ॅपला पुन्हा फोटो हवा होता.
टेप लावला. दोनशे एकोणसत्तर चौरस फूट,
तेवढंच भरलं, भरणारच.
मग तणस पायानं सारून उभी राहिले
जिथे चूल येणार. मग जिथे खिडकी.
खिडकीच्या जागी विटांतलं भोक,
त्यातून बोडी, बोडीत शिंगाड्याचा हिरवा थर,
कडेला कुणाचा तरी लाल टॉवेल.
पोरीचं कपाट मी मनात या भिंतीला लावून पाहिलं,
मग त्या.
या भिंतीलाच बरं होतं.

"बाई, तुमचा बी काढू का फोटू?"
नको म्हणेपर्यंत मोबाइल त्याच्या हातात.
कोपऱ्यात त्याचा अंगठा आलाय थोडा.
वर छत नाही, म्हणून उजेड भरपूर.

रात्री उघडून बघितला.
अक्षांश बरोबर, रेखांश बरोबर,
तारीख, वेळ, सगळं जागेवर.
लाभार्थी: कवडू दसरू वाढई.
पुसायला बोट नेलं
तेवढ्यात नऊ वाजले, दिवा गेला.

पोर म्हणाली, आई, मोबाइल इकडे धर,
माझं एक गणित राहिलंय.