एक घट्ट, एक सैल

पहिल्या सकाळी मी मधोमध भांग पाडला,
लहानपणी माझा पाडायचे तसा.
तनुजा काही बोलली नाही.
मोरीत गेली, डोक्यावर दोन तांबे ओतले
आणि शाळेची बस येईपर्यंत
ओल्या केसांनी जिन्यात बसून राहिली.

कागदावर मी प्रतिपालक.
वाशीच्या भाजी मार्केटात हिशेब लिहिते,
तिथे हमालांनी पालकाच्या जुडीवरून
आठवडाभर थट्टा केली. करू दे.
आदेशात लिहिलंय: पुढील आदेश येईपर्यंत.
असली नोंद मी कुठल्याच खात्यात पाहिली नव्हती.
ना जमा, ना नावे.

शगुफ्ता मॅडम महिन्यातून एकदा सानपाड्याला येतात.
चहा घेत नाहीत.
गादीखालची वाळलेली पोळी मी त्यांना दाखवली,
चोरी पकडल्यासारखी.
म्हणाल्या, झाकणाचा एक डबा द्या, तिचा तिचा,
तो रिकामा होऊ देऊ नका.
आणि केसांचं मला काय विचारता?
जिला माहीत आहे तिला विचारा.

जिला माहीत आहे ती
समितीच्या ऑफिसात बाकड्याच्या टोकाला बसली होती,
तोंडाला मास्क, मांडीवर औषधांची पिशवी,
तुर्भ्याच्या खाणीची धूळ अजून नखांत.
मी विचारलं तेव्हा तिने आधी मॅडमकडे पाहिलं,
ही परीक्षा आहे का, अशा नजरेने.
मग करंगळीच्या नखाने
लेकीच्या डोक्यावर रेघ ओढली, डावीकडून.
"हिचा भोवरा हितं हाय, बाई.
मधून पाडलं की उभे ऱ्हात्यात."

दोन महिने त्या डोक्याला तेल लावलं होतं मी.
भोवरा दिसला नव्हता.

मत्सर वाटला. इथे लिहून ठेवते,
मॅडमच्या फॉर्मवर त्याला रकाना नाही.

शेवंताने उजवी वेणी घातली, घट्ट,
कपाळाची कातडी ताणली जाईल इतकी.
मग दुसरी रिबन माझ्या हातात दिली.
डावी मी घातली. सैल झाली.
"अजून आवळा की," ती म्हणाली.
"नको," तनुजा म्हणाली, "ही अशीच."
मग उजवीला हात लावून,
"आणि ही पण."

तीन दिवस तिने दोन्ही सोडू दिल्या नाहीत.
झोपेत एक उशीवर, एक मुठीत,
कुठली ते अंधारात मला कळलं नाही
आणि मी दिवा लावला नाही.

चौथ्या दिवशी डायरीत वर्गबाईंचा शेरा:
केस नीट बांधून पाठवावेत.
खाली ठिपक्यांची ओळ, पालकांची सही.

मी डबा भरला. पोळीत गूळ ठेवला.
मग सही केली, बारीक अक्षरात,
शेजारी
एका नावापुरती जागा सोडून.