निशाण

विंको म्हणायचा, निशाण हाताने नाही, पोटातून खाली आणायचं.
त्याचं पोट मोठं होतं. आम्ही हसायचो.

आता त्याच्या जागी मी उभी असते,
उडीच्या टेकडीला चिकटलेल्या लाकडी मचाणावर.
खाली साविन्या नदी, अर्धी गोठलेली,
आणि वर, घसरणीच्या तोंडाशी,
आडव्या दांडीवर बसलेली एक मुलगी
जिला माझा चेहरा दिसत नाही,
फक्त कापड दिसतं.

हिरवा दिवा लागला की दहा सेकंद.
निशाण खाली आलं की तिने दांडी सोडायची.
का, कशाला, हे विचारायला तिथे जागा नसते.
नव्वदचा वेग, आणि मग जमीनच नाही.
चार वर्षं मी तिला शिकवलं ते एवढंच:
माझ्या मनगटावर भरवसा ठेव.
भरवसा ठेवणारीला काय ठाऊक
मनगट कशाचं बनलेलं असतं.

माझा डावा गुडघा बर्फ पडायच्या आधी सांगतो.
एकोणीस वर्षांपूर्वी विंकोने निशाण खाली आणलं
तेव्हा वारा पाठचा होता.
इस्पितळात तो संत्री घेऊन आला,
सोलून दिली, एकेक फोड, दोरे काढून.
बाकी काही बोलला नाही. मरेपर्यंत नाही.
डॉक्टरांनी खिळे नंतर काढून टाकले.
ते न बोललेलं वाक्य आत राहिलं,
थंडीत दुखतं ते तेच.

रविवारी सांघिक स्पर्धा. शेवटची फेरी, शेवटची उडी.
आम्ही दुसऱ्या, अडीच गुणांनी मागे.
खाली तिघी एकमेकींच्या कमरेत हात घालून,
नेझा, उर्शा, आणि हातमोजा चावत ब्रिना,
पहिल्यांदाच संघात आलेली.
वर टिंकारा.
दिवा हिरवा. मी निशाण उचललं.
उताराच्या कडेच्या फिती बघितल्या: पहिली स्तब्ध,
दुसरी द्विधा, तिसरी दरीकडे फडफडणारी.
चार. पाच.
प्रेक्षकांच्या घंटा थांबल्या.
सात. गुडघ्यात काहीतरी हललं.
तिसरी फीत अजून दरीकडेच.
नऊ.
हात वरच राहिला.

टिंकारा दांडीवरून सरकत सरकत बाजूला झाली.
फलकावर शून्य. आठ संघांत आठव्या.

संध्याकाळी वाऱ्याच्या नोंदींचा कागद आला.
दहाव्या सेकंदाला वारा समोरून होता,
मऊ, तळहातावर धरावं तसा उचलणारा.
असा वारा अख्ख्या हिवाळ्यात दोनदा मिळतो.
कागद मी खिशात घातला.
विंकोच्याही खिशात असाच एखादा असेल त्या दिवशी,
संत्र्यांची पिशवी दुसऱ्या हातात.

शेडमध्ये लोयझे स्कींचं मेण खरवडत होता,
पट्टीचा आवाज, बाकी चिडीचूप.
जिंकणारीने सगळ्यांच्या स्की वाहायच्या, हा आमच्यातला नियम.
आज कुणीच जिंकलं नव्हतं,
तरी टिंकाराने चारही जोड आणून भिंतीला टेकवले होते,
जरा जोरातच.
मी कागद मेणाच्या टेबलावर ठेवला.
म्हटलं, चुकले. वारा आला होता.
मला माझा गुडघा ऐकू आला, तुझा वारा नाही.

ब्रिना थोडी रडली, मग कंटाळून थांबली.
उर्शा म्हणाली, मला भूक लागलीय.
लोयझेने पट्टी न थांबवता कोपराने पाव पुढे सरकवला.
टिंकाराने कागद वाचला, बोट फिरवत, दोनदा,
आणि चुरगळून आपल्या ओल्या बुटात कोंबला,
रद्दी कोंबतात तसा.

अकरा दिवस झाले.
ती माझ्या प्रश्नांना उत्तरं देते, स्वतः विचारत नाही.
आज सकाळी सराव. विरळ धुकं.
दांडीवर बसली, चष्मा खाली ओढला,
आणि माझ्या हाताकडे बघण्याआधी
मान वळवून फितींकडे बघितलं.
पहिली. दुसरी. तिसरीवर जरा जास्त वेळ.
हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं.

मग माझ्याकडे.
वारा समोरून.
मी हात खाली आणला.