दुसऱ्याची काठी

इडवालकाकांचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही.
मी जन्मायच्या आधी एका लार्चच्या फांदीनं
तो तसाच मुडपून ठेवलाय.
म्हणून त्यांची काठी आखूड,
मूठ पुढे धरली की मुठीपासून डोळ्यापर्यंत, तेवढीच.
हेझलची, सोललेली, घामानं काळवंडलेली.

झाड मोजायचं ते असं:
काठी उभी धरायची, एक डोळा मिटायचा
आणि मागं मागं सरकायचं,
बुंधा काठीच्या तळाशी
आणि शेंडा टोकाशी येईपर्यंत.
पाय जिथं थांबतील तिथवर झाड पोचतं.
मेंढ्यांच्या लेंड्या, चिखल, तारेचं कुंपण,
काही लागलं तरी वळून बघायचं नाही.

एल्युनेड प्रॉसरबाईंच्या घरापुढचा ॲश
तीन वर्षं वरून वाळत आलाय.
वेल्सच्या या डोंगरांत त्याला ओन्नेन म्हणतात,
आणि बोलतात बाईमाणसासारखं: ती आजारी आहे, ती जाणार.
निरोगी असती तर कापताना कण्हली असती, सांगून पडली असती.
ही सांगणार नाही.
करवत अर्ध्यात असताना खोड उभं फाटतं
आणि मागं उसळतं, माणसाच्या हनुवटीच्या उंचीवर.
हे काकांनी जेवताना सांगितलं,
चीज चिरता चिरता
सुरी मध्येच थांबवून.

काका सरकत आले, अंगणाच्या दगडी भिंतीला पाठ टेकली.
"इथवर. घराला शिवत नाही."
बाई दारातून म्हणाल्या, आमचा ग्लिन हेच म्हणायचा,
पण तेव्हा ती कौलांपेक्षा बुटकी होती.

मग मी. माझी काठी व्हॅनमध्ये राहिलेली,
काकांचीच उचलली.
हात माझा सरळ, लांब, तेवीस वर्षांचा.
भिंतीच्या फाटकातून आत आले,
कपड्यांच्या दोरीखालून वाकून आणखी मागं,
पाठीला दाराची कडी टोचली
तेव्हा कुठे शेंडा काठीत मावला.

काका हसले. "हात तुझा, माप माझं. उत्तर कुणाचं, नेस्ट?
दुसऱ्याची काठी घेऊन झाड मोजू नये."
पटलं मला. साधं गणित आहे.
तरी बाईंनी शेगडी विझवली,
मांजर बगलेत मारलं
आणि चॅपलच्या पायरीवर जाऊन बसल्या.

खाच कुरणाच्या बाजूला.
बिजागरी नेहमीपेक्षा जाड,
मेलेल्या लाकडाच्या धाग्यावर कोण भरवसा ठेवणार?
दोन पाचरी. माझ्या ओठांत शिट्टी,
नजर वर, जिथं एक तुटकी फांदी
दुसरीच्या खांद्यावर झोपल्यासारखी पडलेली.
ती हलली. मी शिट्टी फुंकली.
काका करवत तिथंच टाकून तिरके चालत निघाले,
पळाले नाहीत, चालले.
फांदी त्यांच्या पावलांच्या ठशांत उभी रुतली.
त्यांनी थर्मासमधला चहा घेतला, अर्धा मला दिला,
आणि परत गेले.

पडली तेव्हा आवाज उशिरा आल्यासारखा वाटला.

बुंध्यापासून मी पावलं मोजत निघाले.
भिंत बुंध्यापासून अठ्ठावीस पावलांवर, दार छत्तीसवर.
अठ्ठावीसला पानं संपली.
पुढे नुसत्या काड्या, राखाडी,
त्या दिवशीच्या आभाळाच्याच रंगाच्या.
एकोणतीस, तीस.
तेहतीसला शेवटची काडी.
म्हणजे कपड्यांची दोरी. बाईंचे दोन टॉवेल.

काका मागून आले. बराच वेळ वाकून होते.
काडीवरची काळी कळी अंगठ्यानं दाबली,
तिचा भुगा झाला.
एकदा डोळे चोळले, भुसा नव्हता तरी.
मग म्हणाले, "उद्या गार्थच्या वळणावर दोन आहेत.
शेंडा कुठं संपतो ते तू ओरडून सांग.
मागं मी सरकेन."

बाई मांजर घेऊन परतल्या.
साठ वर्षांत प्रथमच स्वयंपाकघरात
दुपारचं ऊन थेट मांडणीवर पडलं होतं,
निळ्या बशांच्या ओळीवर.
"अगं बाई, केवढी ही धूळ," म्हणाल्या,
आणि फडकं शोधू लागल्या.